पुसून टाकलेले तीन ठोके

माझ्या खोलीत दिवस कधी उजाडत नाही. बाहेर टळटळीत ऊन असो की आभाळ भरून आलेलं असो, आत आपले पडदे ओढलेले, दिवा मंद, आणि मॉनिटरवर कुणाचं तरी राखाडी हृदय उघडतंय, मिटतंय. बावीस वर्षं मी लोकांच्या हृदयाचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढते आहे. पेशंट डाव्या कुशीवर निजतो, मी त्याच्या छातीला गार जेल लावून प्रोब टेकवते, आणि मग आम्ही दोघंही गप्प होतो. बरेच जण चक्क झोपी जातात. खोटं कशाला बोलू, मलाही कधीकधी आपण कुठल्या तरी तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वरून मंद उजेड झिरपतोय असं वाटायला लागतं. मग जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी दार ठोठावतं आणि मी पुन्हा वर येते.

स्वभावानं मी तिरसट. पेशंटच्या नातेवाइकांना मी आत घेत नाही. "सगळं ठीक आहे ना हो?" असं कुणी विचारलं की "रिपोर्टमध्ये कळेल" एवढंच म्हणते. माझ्या मागे उभं राहून कुणी मॉनिटरमध्ये डोकावलेलं तर मला मुळीच खपत नाही, मग तो डॉक्टर का असेना. दवाखान्यात माझ्या पाठीमागे बरंच काही बोललं जातं आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. पण माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे मात्र सगळे मानतात.

सुटलं. तेही माझ्या सख्ख्या बहिणीचं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या, माझे डबे, माझी आजारपणं, सगळं तिनंच केलं आणि ते केल्याचं ऐकवायचंही कधी सोडलं नाही. लग्न तिनं केलं नाही. मी केलं ते टिकलं नाही. त्यामुळे आम्ही दोघी पुन्हा एकाच घरात राहतो. ती बायकांना पोहायला शिकवते. दिवसभर तलावाच्या काठावर उभं राहून ओरडायची सवय, म्हणून घरात मीठ मागायचं तरी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं मागते. मी ऐंशी किलोंची झाले तरी तिच्यासाठी अजून 'बारके'च.

दीड वर्षापूर्वी तलावाच्या ऑफिसनं नवीन टूम काढली. शिकवणाऱ्या सगळ्यांनी हृदयाची तपासणी करून कागद आणून द्यायचा. आमच्या खोलीचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात: आपल्या माणसाचा एको आपण काढायचा नाही. माझ्याबरोबर काम करतो तो सहकारी दिवसभरात चार शब्द बोलतो, म्हणून त्याला सगळे मौनी म्हणतात. ताईचा एको त्यानंच काढायचा होता. पण त्या दिवशी तो रजेवर होता आणि ताईची चारची बॅच होती.

"काढ की गं तूच," ती म्हणाली. "वीस वर्षं इथं काय भाजी निवडतेस?"

मी काढला. छातीच्या मधल्या हाडालगत, तिसऱ्या-चौथ्या बरगडीपाशी प्रोब टेकवला की ताईला गुदगुल्या होतात हे मला माहीत नव्हतं. एवढी काठावरची वाघीण, पण एखाद्या शाळकरी पोरीसारखी खिदळायला लागली. चित्र हलायला लागलं. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या तीन पाकळ्या मला समोर दिसत होत्या, आणि उजव्या पाकळीच्या मागे, जिथे भिंत सरळ वळायला हवी तिथे, जुन्या मोज्याचा अंगठा विरून पुढे येतो तसं काहीतरी बाहेर आलेलं होतं. एक ठोका, दोन ठोके, तीन ठोके. मी पाहिलं.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"तुझा हात बर्फ झालाय मेला!" ती म्हणाली आणि पुन्हा खिदळली. मग मीही हसायला लागले. त्या खोलीत मी त्याआधी कधी हसले होते मला आठवत नाही.

परकं कुणी असतं तर मी खडसावलं असतं, श्वास रोखायला लावला असता, चार बाजूंनी पाहून त्या फुगवट्याचा पिच्छा पुरवला असता. पण ही ताई होती, आणि ताईला काही होत नसतं. तिरप्या कोनामुळे तसं दिसलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माझा आणखी एक नखरा होता: माझ्या फाइलमध्ये हललेलं चित्र कधी राहत नसे. नव्या मुलींना माझ्या फाइली नमुना म्हणून दाखवत. ते तीन ठोके मी पुसून टाकले. प्रोब जरा खाली घेऊन दुसरं स्वच्छ चित्र घेतलं, ज्यात पाकळ्या छान दिसत होत्या आणि फुगवटा दिसतच नव्हता. 'सर्व काही नॉर्मल' असं लिहिलं. खाली माझं नाव पाहून आमच्या हृदयविभागाच्या प्रमुख डॉक्टर, मोठ्या मॅडम, यांनी न वाचता सही केली.

त्यानंतर दीड वर्ष मजेत गेलं.

ताईची एक सवय आहे. दुपारच्या बॅचा संपल्या की ती एकटीच पाण्यावर उताणी पडून राहते, कान पाण्यात, डोळे मिटलेले. दहा मिनिटं. तेवढ्या वेळात म्हणे जगातलं कुणी तिला हाक मारू शकत नाही. एके दिवशी ती पाण्यातून तरातरा बाहेर आली आणि तलावाचा पंप सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यावर घसरली.

"दुपारची मोटर कशाला चालू ठेवता? कानात नुसती घरघर!"

"बाई, मोटर एक वाजताच बंद केली मी."

"मग मला काय स्वप्न पडलं?"

तीन दिवस त्यांचं हे चाललं होतं. चौथ्या दिवशी त्या भल्या माणसानं तिला मोटरच्या खोलीतच नेलं. खटका खाली होता. ताईनं मोटरवर हात ठेवून पाहिला, ती गार होती. ती तडक पाण्यात परत गेली, कान बुडवले, आणि मोटर चालूच होती.

हे सगळं तिनं मला संध्याकाळी चहा पिताना हसत हसत सांगितलं. मीही हसले. दोन-तीन दिवस तिला कसकस होती, जिना चढताना मधे थांबत होती, पण ते आम्ही सर्दीवर ढकललं होतं.

"आवाज कसा येतो गं?" मी सहज विचारलं.

तिनं करून दाखवला. "घर्र-सूं, घर्र-सूं. थांबतच नाही मधे."

मी कप खाली ठेवला. हृदयाचा आवाज थांबतो. दोन ठोक्यांच्या मधे थांबायलाच हवा. मी उठून तिच्या छातीवर हाडाला लागून तळवा ठेवला. आत एखादं मांजर गुरगुरत होतं. माझ्या तळव्यापासून खांद्यापर्यंत ते चढत आलं, आणि त्या क्षणी मला ते तीन ठोके दिसले, अगदी जसेच्या तसे, खोलीतल्या उजेडासकट.

"ताई, चप्पल घाल."

"आता कुठे?"

"घाल म्हणते ना."

या वेळी एको मौनीनं काढला. मी त्याच्या मागे उभी राहिले, जे मी कुणाला करू देत नाही ते. मशीनवर रक्ताच्या वाहण्याला रंग देता येतो. उजव्या खळग्यातून एक पिवळी-निळी ठिणग्यांची धार हृदयाच्या उजव्या कप्प्यात पडत होती, ठोक्याला पडत होती, ठोक्याच्या मधेही पडत होती. मौनीनं चित्र थांबवलं.

"फुटलाय," तो म्हणाला. त्या दिवसातला त्याचा तो पहिलाच शब्द असावा.

मोठ्या मॅडमनी ताईला कागदावर चित्र काढून समजावलं. महाधमनी हृदयातून निघते तिथे बुडाशी झडप असते आणि झडपेच्या लगेच वर तीन खळगे असतात. एखाद्याच्या एका खळग्याची भिंत जन्मतःच विरलेली असते. वर्षानुवर्षं दाब सोसून तिथे फुगा येतो आणि एक दिवस फाटतो. मग पुढे जायचं रक्त सतत मागे, हृदयाच्या उजव्या कप्प्यात गळत राहतं. हा प्रकार फार दुर्मीळ. उपाय एकच: हृदय थांबवून फुगा कापून काढायचा आणि भोकाला दोन्ही बाजूंनी ठिगळ लावायचं.

"माझं हृदय थांबवणार?" ताईनं विचारलं. "मग मी कुठे असणार तेवढा वेळ?"

मॅडमनी कागदावरचं ठिगळ पुन्हा एकदा गिरवलं.

पण ऑपरेशन कधी करायचं यावर घोडं अडलं. अन्ननलिकेतून प्रोब घालून जवळून पाहिलं तेव्हा फुग्याच्या टोकाशी एक चिंधी फडफडताना दिसली. ती फाटलेली कड असू शकत होती, किंवा जंतूंची वाढही असू शकत होती. त्यात ताप होता. मॅडमच्या खोलीत त्या, चष्मेवाले सर्जन आणि मी असे तिघं बसलो होतो. मॅडमनी जुनी फाइल उघडली.

"दीड वर्षापूर्वी सगळं नॉर्मल आहे. म्हणजे फुगा नवा. इतक्या लवकर एवढा वाढला म्हणजे जंतूंनी भिंत खाल्ली असणार. अशा भिंतीत टाका धरत नाही. दोन आठवडे औषधं देऊ, मग बघू."

"रक्ताच्या तपासणीत दोन दिवसांत कुठलेही जंतू उगवलेले नाहीत," सर्जन म्हणाले. "आणि तिच्या पायांवर सूज आलीय. हे हृदय दोन आठवडे तग धरेल असं मला वाटत नाही. फुगा जुना असता तर मी उद्याच हात घातला असता."

"जुना कसा असेल? रिपोर्ट आहे ना." मॅडम माझ्याकडे वळल्या आणि किती आपुलकीनं बोलल्या! "तुमच्या रिपोर्टवर शंका घ्यायचा तर प्रश्नच नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. पाण्याची धार पानांवर पडत होती आणि मी ती बघत राहिले. ते तीन ठोके आता जगात फक्त माझ्या डोक्यात होते. मशीनमध्ये नाहीत, कागदावर नाहीत. मी गप्प राहिले असते तर कुणाला, कधीही, काहीही कळलं नसतं. मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि नोकरीची भीती त्यात सगळ्यात लहान होती. ताईला कळेल ही खरी भीती. पाच-सहा दिवसांत रक्ताच्या तपासण्या स्वच्छ येतीलच, मग ते आपणहून ऑपरेशन करतील, असंही मी मनात म्हणून पाहिलं. आणि त्या पाच-सहा दिवसांत ती गेली तर? मग मी कुणाच्या घरी राहणार होते?

"फुगा तेव्हाही होता," मी म्हटलं.

मॅडमनी फाइल माझ्याकडे फिरवली.

"क्लिप कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"पुसली."

"का?"

"चित्र हललं होतं."

"आणि रिपोर्टमध्ये लिहिलं नाहीत."

"नाही."

मॅडमच्या चेहऱ्यावरची आपुलकी कुठे गेली ते मी पाहिलं. सर्जननी मात्र एक कोरा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी तीन खळगे काढले, तीन पाकळ्या काढल्या, आणि उजव्या खळग्याला तो विरलेला अंगठा काढला, खाली आणि जरासा आतल्या बाजूला वळलेला.

"केवढा होता?"

"आठ मिलिमीटर."

"अंदाज?"

"नाही. डोळ्यांनी मोजलाय."

त्यांनी माझा कागद नव्या चित्राशेजारी धरला. तोच खळगा, तेच वळण, फक्त आता अंगठा बावीस मिलिमीटरचा झाला होता आणि टोकाला फाटला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि एकदा कागदाकडे, एकदा मॉनिटरकडे पाहिलं.

"जन्माचाच आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी घेऊ."

मॅडमनी मान डोलावली. मग मला म्हणाल्या, "तुमचं काय करायचं ते नंतर ठरवू. पण आजपासून मशीनला हात लावायचा नाही." हे त्या मोठ्यानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ताईच्या खाटेवर तिरकं ऊन आलं होतं. ती उशांना टेकून अर्धवट बसली होती, कारण आडवं झालं की दम लागत होता. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दारातूनच दिसली.

"बारके, तोंड का असं? मी मेले का?"

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मोज्याचा अंगठाही सांगितला, फाइलचा नखराही सांगितला. ती ऐकत राहिली. मधे एकदाही तोडलं नाही, आणि तेच मला सहन होईना, कारण ताईनं मला आयुष्यात कधी वाक्य पुरं करू दिलेलं नाही.

"मी हसत होते म्हणून?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही. मी हसत होते म्हणून."

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. भेटीची वेळ संपेपर्यंत मी तिथेच बसले होते. मी चादर सारखी केली, ती तिनं पायानं पुन्हा विस्कटली. सकाळी तिला ऑपरेशन थिएटरकडे नेताना कानातल्या कुड्यांची जोडी काढायला सांगितली, तेव्हा ती तिनं नर्सच्या हातात दिली. मी एका हाताच्या अंतरावर उभी होते.

दार मिटलं आणि मी बाकावर बसले. इतर नातेवाइकांना आत काय चाललंय ते माहीत नसतं, ही त्यांच्यावर केवढी मेहेरबानी आहे ते मला त्या दिवशी कळलं. आता हाड कापलं असेल. आता नळ्या जोडल्या असतील. आता गार औषध सोडलं असेल आणि ते हृदय हळूहळू, शेवटी एकदाचं, निजलं असेल. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे जाई, थांबे. ऊन फरशीवरून सरकत माझ्या पायांपाशी आलं.

मला झोप लागली की नाही ते सांगता येत नाही. मी सहा वर्षांची होते आणि पाण्यावर उताणी पडले होते. माझ्या पाठीखाली ताईचा तळवा होता. "मी हात काढत नाहीये," ती म्हणत होती, "पाय सोड, मान सोड," आणि तिनं हात केव्हाच काढलेला होता, मी आपली तरंगत होते. मग पाणी राखाडी झालं, माझ्या खोलीतल्या उजेडासारखं, आणि आता उताणी ताई होती. तिच्या पाठीखाली माझा तळवा होता. ती डोळे मिटून निजली होती, आवाज कसलाच नव्हता, मोटरचाही नाही. मला एवढंच कळत नव्हतं, की मी हात काढलाय की अजून धरलाय. मी खाली बघायला जाई तो पाणी गढूळ होई. मी तिला हाक मारली. तिचे कान पाण्यात होते.

"ऐकताय ना?"

समोर सर्जन उभे होते, टोपी मानेवर ढकललेली. सहा तास झाले होते.

"जन्माचाच होता. जंतू नाहीत. टोक फाटून लोंबत होतं, तीच ती चिंधी. फुगा काढला, दोन्हीकडून ठिगळ लावलं, झडप वाचली. हृदय स्वतःहून चालू झालं." मग टोपी काढत म्हणाले, "तुमचं चित्र बरोबर होतं." एवढं बोलून ते चहा शोधायला गेले. मी तिथेच बाकावर बसून रडले.

तो सगळा दिवस ताईच्या तोंडात नळी होती. काचेबाहेरून मी तिला पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक नर्स बाहेर आली आणि बाकांवरून नजर फिरवत म्हणाली, "त्या बारकीला बोलवा म्हणतायत. बारकी कोण?"

मी उभी राहिले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार उघडून धरलं.

ताईचा चेहरा मेणासारखा झाला होता आणि ओठ फुटले होते. काठावरचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता; जे उरलं होतं ते ऐकायला मला वाकावं लागलं.

"तुला... खूप बोलायचंय मला," ती म्हणाली.

"बोल."

"दीड वर्ष... तू..." तिनं श्वास घेतला. छातीत दुखलं असावं, कारण कपाळाला आठी पडली. तिनं डोळे मिटले. मी उभीच होते. ती झोपली असं वाटून नर्सनं मला जायची खूण केली, तेव्हा डोळे न उघडताच ताईनं माझं मनगट पकडलं. पकडीत जोर नव्हता, पण राग पुरेपूर होता.

"आज दम नाही," ती म्हणाली. "उद्या ये. लवकर ये. वेळ लागणार आहे."

दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ अकराची होती. मी नऊलाच जाऊन बाकावर बसले.